कारणाचा रकाना

आमच्या कर्जाच्या फॉर्मवर शेवटच्या पानावर, सह्यांच्या वर, एक रकाना असायचा. ‘नामंजूर असल्यास कारण’. दोन ओळींची जागा. सांगलीतल्या एका पतसंस्थेत मी सव्वीस वर्षं नोकरी केली, त्यातली सतरा कर्ज विभागात, म्हणजे त्या दोन ओळी किती वेळा भरल्या असतील याला काही मोजमाप नाही. बाकीच्या सगळ्या विसरले. एक लक्षात आहे, आणि ती खोटी होती.

माणूस ओळखणं हेच आमचं काम. कागद काय, सगळ्यांचे सारखेच असतात, सातबारा, लाईटबिल, दोन जामीनदार, पगारपत्रक. खरं बघायचं असतं ते माणसाकडं. घरी व्हिजिटला गेलं की दारातल्या चपला किती आहेत, मांडणीवर भांडी कशी लावलीत, बायकोच्या गळ्यात मणी आहेत की नुसता दोरा, नवरा बोलताना ती मान खाली घालते की त्याच्याकडं बघते. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, आपोआप डोळ्यांना लागलं. आणि त्याचा मला अभिमान होता हे कबूल करते. साहेब म्हणायचे, ताई एकदा बघून आल्या की बास, फाईल नको बघायला. सतरा वर्षांत माझ्या सांगण्यावर दिलेली कर्जं बुडाली पण आणि फिटली पण, साध्या लुगड्यातल्या बायकांची फिटली आणि कडक इस्त्रीवाल्यांची बुडाली असलं काही मी सांगणार नाही, कारण तसं झालेलं नाही. सगळ्या तऱ्हेची माणसं थकबाकीत गेली, सगळ्या तऱ्हेच्या माणसांनी फेडलं. म्हणजे माझ्या डोळ्यांना जे दिसायचं त्याचा आणि पुढं काय होणार त्याचा संबंध किती होता, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नाही. विचारायला पाहिजे होता.

तो माणूस आला ते साल २०११ असेल, पावसाळा नुकताच संपला होता. पंचवीस हजार पाहिजे होते. भाजीची हातगाडी, वजनकाटा आणि पहिल्या आठवड्याचा माल. वय पन्नासच्या आसपास, पांढरा शर्ट, स्वच्छ पण कॉलर उलटवून शिवलेली. जामीनदार दोन, एक झेडपी शाळेतले मास्तर, त्यांचं पगारपत्रक जोडलेलं, दुसरा चुलतभाऊ, त्याचं किराणा दुकान. पंचवीस हजाराला मास्तर एकटे पुरले असते.

मी फॉर्म चाळत होते, तेवढ्यात तो म्हणाला, “मॅडम, फॉर्मात विचारलेलं न्हाई, पण आधीच सांगतो. मागनं तुमच्या कानावर यायला नको.”

मग त्यानं सांगितलं. बांधावरनं भांडण झालेलं, त्याच्या हातनं माणूस गेलेला. जन्मठेप. आधीची वर्षं कोल्हापूरला कळंब्याच्या जेलात, शेवटची आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला, खुल्या वसाहतीत. सुटून दीड वर्ष झालं होतं. हे सगळं त्यानं असं सांगितलं जसं कुणी शिक्षण किती, नोकरी कुठं सांगतं, आवाज खाली न करता, पण माझ्याकडं न बघता टेबलावरच्या पिनांच्या डबीकडं बघत.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तिथं कसं असतं. म्हणाला, “भिंत न्हाई मॅडम तिथं. सकाळ-संध्याकाळ हजेरी, बाकी दिवसभर शेतात. रात्री लांबनं यष्टी गेल्याचा आवाज यायचा, वाटायचं जावं. जायला काय, रस्ता समोरच.”

“मग?”

“मग काय. सकाळी हजेरी असायची.”

बास, एवढंच. मी म्हणाले बघते, आठ दिवसांनी या.

आणि त्या रकान्यात मी लिहिलं, ‘जामीनदारांची परतफेड क्षमता अपुरी’.

आता यात काय झालं ते मला नीट मांडायचंय, कारण इतकी वर्षं मी ते स्वतःपाशी अर्धवटच मांडत आले. मला त्या माणसाची भीती वाटली का? तो मला काही करेल अशी अजिबात नाही वाटली. तो पैसे बुडवेल असं वाटलं का? खरं सांगते, तसंही नाही वाटलं, उलट इतक्या वर्षांत टेबलासमोर बसलेल्यांत तो सगळ्यात भरवशाचा वाटला होता. मला भीती वाटली ती कमिटीच्या मीटिंगची. उद्या एखादा हप्ता चुकला तर कुणीतरी विचारणार, खुनाची शिक्षा भोगून आलेल्याला शिफारस कुणी केली, आणि माझं नाव निघणार, आणि मग ‘ताई बघून आल्या की बास’ हे कुणी म्हणणार नाही. पंचवीस हजाराचा प्रश्नच नव्हता. प्रश्न माझ्या नावाचा होता.

आणि त्याहून वाईट हे की फॉर्ममध्ये शिक्षेचा रकाना नव्हता. तो बोलला नसता तर मला कळलंच नसतं, त्याचं कर्ज पुढच्या मंगळवारी मंजूर झालं असतं. त्याला नाकारायला माझ्याजवळ एकच कारण होतं, त्याचं खरं बोलणं. आणि ते कारण कागदावर लिहिता येत नव्हतं म्हणून मी खोटं लिहिलं. टेबलाच्या त्या बाजूला खुनाची शिक्षा झालेला माणूस खरं बोलून बसला होता आणि या बाजूला जिनं आयुष्यात बसचं तिकीट कधी चुकवलं नाही अशी बाई खोटं लिहीत होती, आणि आमच्या दोघांत कोण कुणाला तपासत होतं?

आठ दिवसांनी आला, पत्र वाचलं. सावकाश वाचलं, ओठ हलत होते. मग म्हणाला, “मास्तरांचा पगार कमी पडला का मॅडम?”

मी म्हणाले हो, नियम आहेत.

त्यानं ‘बरं’ म्हटलं. मग जरा थांबून विचारलं, “ह्या झेरॉक्सा परत मिळतील का? दुसरीकडं द्यायला लागतील, परत काढायला पैसं जातात.” नियमाप्रमाणं फाईलीतले कागद परत देत नाहीत. ते पण मी नाहीच म्हणाले. नमस्कार करून गेला. परत कधी दिसला नाही, मंडईत मी कित्येक वर्षं भाजी घेताना गाड्यांवरची तोंडं बघायचे.

मी जन्मानं विट्याकडची. आमच्या भागात, खानापूर, आटपाडी, तिकडं माण-खटाव, पाऊस नाही म्हणून घरटी एकतरी माणूस गलाईच्या धंद्यात परमुलखात. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, देशभर कुठंही जा, सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात आमच्याकडची भट्टी सापडते. आण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, दुकान कोईमतूरला होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जायचो, दोन रात्रींचा प्रवास. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, भट्टी, मुशी, तेजाबाच्या बरण्या आणि घशात बसणारा पिवळट धूर. तो धूर शेवटी आण्णांच्या छातीत बसला, तो विषय वेगळा.

लहानपणी मला वाटायचं सोनं कसोटीवर घासलं की संपलं. काळा दगड, त्यावर रेघ, रेघेवर तेजाबाचा थेंब, राहिली तर सोनं, उडाली तर पितळ. आण्णा म्हणायचे, रेघ फक्त वरच्या कातडीची असते. आत चांदी असून वर जाड मुलामा असला तर दगड पण फसतो. गिऱ्हाईकाचा दागिना कापायला लागतो नाहीतर गाळायला लागतो, आणि गाळला की तो दागिना राहत नाही. म्हणून सराफ बघून अंदाज सांगतो, गलाईवाला अंदाज सांगत नाही, तो गाळल्यावरच बोलतो.

आणि दुसरी एक गोष्ट, ती मी तेव्हा ऐकली पण समजायला चाळीस वर्षं गेली. सोन्यातली खोट काढायची तर ते नुसतं तेजाबात टाकून चालत नाही. सोनं जास्त असलं की तेजाब आत शिरतच नाही, वरवर लागतं आणि थांबतं. म्हणून आधी त्यात चांदी घालायची. चार भागांत एक भाग सोनं राहील आणि तीन भाग चांदी होईल इतकी. म्हणजे शुद्ध करायला घेतलेल्या सोन्यात आधी आपणच आणखी मिसळायचं, एकजीव गाळायचं, पाण्यात ओतून त्याचे बारीक दाणे करायचे आणि मग तेजाबात सोडायचे. चांदी विरघळून जाते, जाताना तांबं-बिंबं सगळं घेऊन जाते, आणि भांड्याच्या तळाला राहते तपकिरी भुकटी, चिखलासारखी. बघणाऱ्याला वाटेल सोनं जळालं. तीच भुकटी धुवून मुशीत परत गाळली की शंभर नंबरी.

आणि ती चांदी कुणाची? गिऱ्हाईकाची नाही. आण्णांची. स्वतःच्या घरातली चांदी आधी दुसऱ्याच्या सोन्यात घालायला लागायची. मी विचारलेलं, आण्णा मग आपली चांदी गेली की. तर म्हणाले, जात नाही गं, तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की खाली बसते परत. वेळ लागतो एवढंच.

मी सतरा वर्षं कसोटीवर रेघा ओढल्या. माझी चांदी मी कुणाच्यात घातली नाही. त्या माणसाच्या बाबतीत घालायची होती किती, तर जरासं नाव, कमिटीपुढं एक वाक्य, ‘मी याला भेटले आहे आणि द्यावं असं मला वाटतं’. तेवढीसुद्धा नाही घातली.

रिटायर झाल्यावर वेळ मिळाला तसं मी स्वतंत्रपूरबद्दल जे मिळेल ते वाचलं. सांगली जिल्ह्यात राहून मला त्याची माहिती सिनेमापुरतीच होती, ‘दो आँखें बारह हाथ’, व्ही. शांतारामांचा १९५७ चा, सहा कैदी आणि एक जेलर. त्याची गोष्ट गदिमांची, ते आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, त्यांच्या घराजवळची गोष्ट ती. पण सिनेमाच्या आधीची हकीकत मला जास्त लागली. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. औंध म्हणजे ७२ गावांचं चिमुकलं संस्थान, सलग पण नाही, तुकड्या तुकड्यांत पसरलेलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांसाठी माहीत असलेले, औंधच्या डोंगरावर ज्यांचं चित्रांचं म्युझियम आहे ते. त्यांनी १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्यानं स्वतःचे अधिकार लोकांना देऊन टाकले, पंचायतीचं राज्य केलं. त्याच काळात मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा एक इंजिनीअर तिथं होता, त्यानं भारतानंद नाव घेतलेलं. त्यानं राजांच्या पुढं कल्पना मांडली, कैद्यांना कोठडीतनं काढा, माळावर आणा, जमीन द्या. खुनाच्या शिक्षेतली माणसं. बेड्या नाहीत, कुंपण नाही, बायका-पोरांना सोबत राहू द्यायचं. आणि राजे हो म्हणाले.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं ते हे ‘हो’. त्यांच्यापुढं कुणी उदाहरण ठेवलं असं माझ्या तरी वाचनात आलं नाही, की बघा असं करून अमुक इतके कैदी सुधारले. फाईल कोरी. एक जरी पळाला असता, एकानं जरी कुणाचा गळा धरला असता तर जबाबदार कोण, तर राजे. स्वतःचं नाव आधी घातलं, मग काय होतंय ते बघितलं. माझ्यासारख्या कर्ज विभागातल्या बाईला यातली जोखीम फार चांगली कळते. १९४८ ला संस्थान विलीन झालं, राजेपण गेलं, पण वसाहत राहिली, आजही तुरुंग खात्याकडं ती चालू आहे.

इथं मला थांबायला लागतं, कारण हे सगळं लिहिताना एक घर सारखं डोळ्यांपुढं येतं. ज्याचा खून झाला त्याचं घर. त्या बांधावर एक माणूस मेला, त्याची बायको असेल, पोरं असतील, त्यांना कुणी राजा भेटला नाही, त्यांची वर्षं कशी गेली हे मी विचारलं नाही आणि त्या माणसानंही सांगितलं नाही. मी जर त्या बाईच्या जागी असते तर तो भाजी विकून सुखानं जगतोय हे मला चाललं असतं का? मला वाटतं नसतं चाललं. कदाचित कधीच. आणि तिला ‘माफ कर’ म्हणायचा हक्क मला नाही, कुणालाच नाही. माणसात बदलायची शक्यता असते हे वाक्य बोलायला फार सोपं आहे जेव्हा आपल्या घरातलं कुणी गेलेलं नसतं. मी बरेच दिवस यात अडकले होते, की मग मी नाकारलं ते बरोबरच केलं का, अजाणता त्या बाईच्या बाजूनं उभी राहिले का.

पण नाही. मी तिच्या बाजूनं उभी नव्हते. मी तिचा विचारसुद्धा केला नव्हता त्या दिवशी. तिच्या दुःखाचं नाव पुढं करून माझा भित्रेपणा झाकायचा म्हणजे परत एकदा रकान्यात खोटं कारण लिहायचं. कोर्टानं त्याला शिक्षा दिली, त्यानं ती भोगली, मला त्याचा न्याय करायला कुणी सांगितलंच नव्हतं. मला विचारलं होतं एवढंच, हा माणूस पंचवीस हजार फेडेल का. त्याचं उत्तर मला माहीत होतं.

आपण दुसऱ्याबद्दल मत करतो ते चूकच असतं असं मी म्हणत नाही, मत केल्याशिवाय एक दिवस जाणार नाही, रिक्षात बसताना पण करतोच. पण मत करताना स्वतःशी कारण खरं सांगतो का? सून पसंत नाही त्याचं कारण पत्रिका, भाडेकरू नको त्याचं कारण ‘पाव्हणे येणार आहेत’, पोराच्या मित्राला घरात घ्यायचं नाही त्याचं कारण अभ्यास. खरं कारण आपल्याला माहीत असतं. ते उच्चारलं तर आपणच कसे आहोत ते दिसेल, म्हणून आपण जामीनदार अपुरा पाडतो. मी माझ्या घरात हे मोजायला लागले तेव्हा दिवसाला तीन-चार निघायला लागले आणि मला झोप येईना.

२०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ च्या पुढं गेलं. मारुती चौकाच्या बाजूला तळमजल्यावर आमची रेकॉर्ड रूम होती, ती आठवडाभर पाण्याखाली. पाणी उतरल्यावर आम्ही जुने-नवे सगळे स्टाफ साफसफाईला गेलो. फाईलींचे नुसते लगदे, वास नाकात जायचा, फावड्यानं ओढून ट्रॉलीत टाकत होते. २०११ चा गठ्ठा कुठला ते ओळखायला पण येत नव्हतं. तिथं चिखलात उभं राहून मला आधी काय वाटलं सांगू? सुटले असं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. त्या माणसाच्या झेरॉक्सा, मास्तरांचं पगारपत्रक, माझ्या अक्षरातल्या दोन ओळी, सगळं गेलं, आता याचा पुरावा जगात कुठंच नाही. म्हणून तर मी हे लिहितेय.

गेल्या वर्षी आटपाडीत एक लग्न होतं. विट्यावरनं भिवघाटमार्गे एसटीनं गेले. माझ्या लहानपणी तो सगळा माळ कुसळांचा, आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा झाल्यात, झाडांवर पांढरी कापडं टाकलेली दिसतात. लग्न उरकल्यावर भाच्याला म्हटलं गाडी जरा स्वतंत्रपूरच्या बाजूला घे. आत जायला परवानगी लागते, ती मी काढलेली नव्हती, आणि माणसं बघायला जायचं म्हणजे काय प्राणी आहेत का ते. रस्त्यावरनंच बघितलं. शेत, झाडं, दुपारचं ऊन, लांब एकजण पाटाला दारं धरत होता, गुडघ्यापर्यंत चिखलात. दोरीवर लहान पोराचा शाळेचा शर्ट वाळत होता. एवढंच. कुठल्याही वस्तीवर दिसतं तेवढंच.

पुढं रस्त्याकडंला एक बाई पोतं अंथरून वांगी घेऊन बसली होती. काटेरी, जांभळी, ताजी. ती तिथली होती की गावातली, मी विचारलं नाही. भाचा म्हणाला, मामी, सांगलीत मिळत नाहीत का वांगी. मी उतरले. किलोभर घेतली, दोनशेची नोट दिली. सुट्टे नव्हते तिच्याकडं, मागं झाडाखाली म्हातारी बसली होती तिच्याकडनं आणायला गेली, नोट हातात घेऊनच गेली. आली, घामेजलेल्या दहा-वीसच्या नोटा माझ्या हातात ठेवल्या आणि वर दोन वांगी जास्तीची टाकली.

मी तिच्यासमोर उभ्या उभ्या नोटा मोजल्या. बोटांना सवय आहे, त्यांनी मला विचारलं नाही. ती बघत होती. निम्म्यात माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा थांबले असते तर ते आणखीनच दिसलं असतं, म्हणून शेवटपर्यंत मोजल्या.

पैसे बरोबर होते.